चुंबकावरण आणि आयनांबर यांचे नाते

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ६० किलोमीटर वर गेले की हवेचा स्वभाव बदलू लागतो. सूर्याकडून येणारे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात आणि वीज वाहून नेऊ शकेल असा एक भाग तयार होतो. हे आयनांबर. ते हजारेक किलोमीटरपर्यंत पसरलेले असते आणि २५० ते ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात सर्वांत दाट असते. दाट म्हणताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: त्या उंचीवरही हजारातल्या एखाद्याच कणावर विद्युतभार असतो, बाकीची हवा उदासीनच असते. पुढे ज्या ज्या गोष्टी येणार आहेत त्यांपैकी बहुतेकींचे मूळ या उदासीन हवेशी होणाऱ्या टकरींत आहे.

आयनांबराच्या वर चुंबकावरण सुरू होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सत्ता जिथवर चालते तो हा प्रदेश. थॉमस गोल्ड यांनी १९५९ मध्ये त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येणारा सौरवात हे क्षेत्र सूर्याच्या बाजूने दाबतो, त्यामुळे त्या दिशेला चुंबकावरणाची सीमा पृथ्वीच्या दहा त्रिज्यांवर, म्हणजे जवळजवळ ६४,००० किलोमीटरवर येऊन थांबते. विरुद्ध बाजूला तेच क्षेत्र ओढले जाऊन चंद्राच्या कक्षेपलीकडे पोहोचणारी लांबलचक शेपटी बनते. इथला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, इतका विरळ असतो की त्यातले कण एकमेकांवर जवळजवळ कधीच आदळत नाहीत.

एका प्रदेशात टकरी आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. तरीही चुंबकीय रेषा दोघांतून सलग जातात. विद्युतभारित कण रेषेला आडवा सहजी जाऊ शकत नाही, तो तिच्याभोवती गिरक्या घेत राहतो. रेषेच्या दिशेने मात्र त्याला मोकळी वाट असते. म्हणून प्रत्येक रेषा जवळजवळ तारेसारखी वागते आणि तिच्या दोन्ही टोकांवरचे विद्युत वर्चस बहुतांशी सारखे राहते. शेपटीतला लाखो किलोमीटरचा विस्तार ध्रुवांभोवतीच्या काहीशे किलोमीटरच्या पट्ट्यात उतरतो तो असा. आयनांबर म्हणजे चुंबकावरणातल्या घडामोडी उमटवणारा निव्वळ पडदा, अशी समजूत बराच काळ रूढ होती. ती अपुरी आहे. वर काय घडू शकेल, किती वेगाने घडेल आणि कोणत्या द्रव्यातून घडेल, हे ठरवण्यात खालच्या थराचाही वाटा असतो. या विषयाचा सारा कस त्या दुहेरी नात्यात आहे.

हे नाते प्रथम नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलांड यांना जाणवले. १९०२–०३ च्या हिवाळ्यात त्यांनी उत्तर ध्रुवीय प्रदेशात चार वेधस्थळे उभारली आणि ध्रुवीय प्रकाश दिसत असताना होकायंत्राची सुई कशी विचलित होते ते नोंदवले. प्रकाशाच्या पट्ट्यालगत, शंभरेक किलोमीटर उंचीवर, आडवे विद्युत प्रवाह वाहत असले पाहिजेत असे त्या नोंदींवरून दिसत होते. बिर्केलांड तिथेच थांबले नाहीत. हे प्रवाह अवकाशातून चुंबकीय रेषांवरून खाली येतात, काही अंतर आडवे वाहतात आणि पुन्हा वर जातात, असे त्यांनी मांडले. निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडण्याचे त्यांचे प्रयोगही याच विचारातून झाले.

सिडनी चॅपमन यांना हे पटले नाही. त्यांच्या गणितात सर्व प्रवाह आयनांबरातच आडवे फिरून पुरे होत, आणि जमिनीवरच्या नोंदींशी ते चोख जुळत. स्वीडनचे हानेस आल्फव्हेन यांनी १९३९ पासून बिर्केलांडची बाजू धरली, पण चॅपमन यांचा दबदबा मोठा होता. वाद इतकी वर्षे रेंगाळला त्याला व्यक्तींच्या वजनाखेरीज एक भौतिक कारणही होते आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे. आयनांबराची संवाहकता सगळीकडे सारखी धरली, तर उभ्या प्रवाहांचा आणि ते जोडणाऱ्या आडव्या प्रवाहांच्या एका भागाचा चुंबकीय परिणाम जमिनीवर एकमेकांना नाहीसे करतो. जपानच्या नाओशी फुकुशिमा यांनी १९६९ मध्ये हे सिद्ध केले. म्हणजे जमिनीवर कितीही वेधशाळा बांधल्या तरी केवळ त्यांच्या नोंदींवरून या वादाचा निकाल लागणे शक्य नव्हते. त्यासाठी प्रवाहाच्या आतूनच जावे लागणार होते. १९६६ मध्ये आल्फ्रेड झ्मुडा आणि सहकाऱ्यांनी सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या एका उपग्रहाच्या चुंबकमापीतले झटके जाहीर केले. झ्मुडा यांनी ते लाटांचे मानले होते. ते रेषांवरून वाहणाऱ्या प्रवाहांचे आहेत हे पुढच्याच वर्षी इतरांनी दाखवून दिले. ‘ट्रायड’ उपग्रहाच्या मोजमापांवरून इइजिमा आणि पोटेम्रा यांनी १९७६ मध्ये या प्रवाहांचा नकाशा काढला. ध्रुवाभोवती त्यांची दोन कडी असतात. ध्रुवाकडच्या कड्यात पहाटेच्या बाजूला प्रवाह खाली येतो आणि संध्याकाळच्या बाजूला वर जातो. विषुववृत्ताकडच्या कड्यात हे नेमके उलट असते. आज त्यांना बिर्केलांड प्रवाह म्हणतात आणि मोठ्या चुंबकीय वादळात त्यांची बेरीज काही दशलक्ष अँपिअरवर जाते.

प्रवाहांच्या या विद्युत मंडलाला ताकद मिळते सौरवाताकडून. १९६१ मध्ये जेम्स डंगी यांनी दाखवले की सौरवाताबरोबर येणारे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेले असेल, तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी सीमेवर जोडले जाते. अशा जोडलेल्या रेषांचे एक टोक ध्रुवीय आयनांबरात रुतलेले असते आणि दुसरे सौरवाताबरोबर धावत असते. रेषा शेपटीकडे ओढल्या जातात, तिथे पुन्हा आपसांत जुळतात आणि पृथ्वीच्या कडेकडेने दिवसाच्या बाजूला परत येतात. त्यांच्या पायथ्याशी असलेला आयनांबरातला प्लाझ्माही हीच फेरी मारतो: ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला आणि दोन्ही कडांनी परत. एरवी या प्रवाहाच्या दोन कडांमध्ये ३० ते १०० किलोव्होल्टचा फरक असतो. विद्युत क्षेत्राच्या भाषेत हे मीटरला काही मिलिव्होल्ट ते काही दशक मिलिव्होल्ट इतके होते. संख्या किरकोळ वाटते. पण मीटरला २५ मिलिव्होल्ट आणि ध्रुवाजवळचे ५०,००० नॅनोटेस्लाचे क्षेत्र एकत्र आले की प्लाझ्मा सेकंदाला अर्धा किलोमीटर वेगाने सरकतो.

इथे आयनांबराचे स्वतःचे कर्तृत्व सुरू होते. दीडशे किलोमीटरच्या बऱ्याच वर इलेक्ट्रॉन आणि आयन दोघेही टकरींवाचून एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकतात, म्हणून निव्वळ प्रवाह असा निर्माण होत नाही. १०५ ते १३० किलोमीटरच्या पट्ट्यात चित्र पालटते. इलेक्ट्रॉन हलका; त्याची गिरकी इतकी जलद की दोन टकरींच्या मधे त्याच्या असंख्य गिरक्या होऊन जातात आणि तो वरच्यासारखाच सरकत राहतो. जड आयनाची एक गिरकी पुरी होईपर्यंत मात्र त्याची उदासीन रेणूशी गाठ पडलेली असते. १२५ किलोमीटरच्या आसपास टकरींचा आणि गिरक्यांचा वेग जवळजवळ बरोबरीला येतो. तिथे आयन विद्युत क्षेत्राच्या दिशेने सर्वाधिक सरकतो आणि पेडरसन प्रवाह वाहतो. त्याहून खाली, १०५–११० किलोमीटरवर, आयन हवेतच अडकून पडतो, इलेक्ट्रॉन एकटाच आडवा वाहतो आणि त्यातून हॉल प्रवाह निर्माण होतो. बिर्केलांडच्या सुया ज्याने हलल्या तो मुख्यतः हा हॉल प्रवाह. वरून येणारे मंडल पुरे करतो तो पेडरसन प्रवाह, आणि जमिनीवरून तोच सर्वांत कमी दिसतो.

पेडरसन प्रवाहात ऊर्जा खर्च होते. चुंबकावरणातून रेषांवरून उतरलेली ताकद इथे हवा तापवण्यात आणि उदासीन वाऱ्याला ढकलण्यात जाते. त्याचाच उलटा परिणाम म्हणून वरच्या प्लाझ्माला ओढ बसते. पिठाच्या गिरणीत पट्टा मोटरचा जोर जात्यापर्यंत नेतो, पण जात्यात दाणे किती पडले आहेत याचा ताण त्याच पट्ट्यावरून मोटरलाही जाणवतो. चुंबकीय रेषांचे काम काहीसे असे आहे. आयनांबराची संवाहकता शून्य असती तर वरचा प्लाझ्मा बिनअडथळा वाहिला असता. ती अमर्याद असती तर रेषांचे पाय जागीच खिळले असते आणि वरची फेरी थांबली असती. वस्तुस्थिती या दोहोंच्या मधली आहे आणि ती ऋतूप्रमाणे, वेळेप्रमाणे, मिनिटामिनिटालाही बदलते. ताणाचा हा निरोप वरखाली नेतात त्या आल्फव्हेन लाटा. त्यांना शेपटीपासून आयनांबरापर्यंत यायला मिनिटे लागतात, म्हणून खाली झालेला बदल वर लगेच कळत नाही आणि दोन्ही टोके काही काळ एकमेकांशी विसंगत वागत राहतात.

हवा तापण्याचा परिणाम अगदी व्यवहारी असतो. तापलेले वातावरण फुगते आणि उपग्रहांच्या वाटेत घनता वाढते. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह असेच गमावले गेले. त्यांना सुरुवातीला फक्त २१० किलोमीटरच्या आसपास ठेवले होते आणि त्याच सुमाराला चुंबकीय वादळ झाले. वादळ मोठे नव्हते, हे इथे मुद्दाम सांगायला हवे.

प्रवाह वर जाणाऱ्या भागात एक अडचण उभी राहते. वर जाणारा प्रवाह म्हणजे खाली येणारे इलेक्ट्रॉन. पण पृथ्वीजवळ रेषा दाटत जातात आणि बहुतेक इलेक्ट्रॉन मधूनच परत फिरतात. मंडलाला हवा तितका प्रवाह मिळेना की रेषेच्याच दिशेने काही हजार व्होल्टचा फरक तयार होतो, साधारण काही हजार ते दहा-पंधरा हजार किलोमीटर उंचीवर. रेषा म्हणजे निर्दोष तार हे वर केलेले गृहीत इथे मोडते. १९७६ मध्ये सोडलेला ‘एस३-३’ हा उपग्रह ८००० किलोमीटरपर्यंत जाऊन या भागातून फिरला तेव्हा अशा क्षेत्रांचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. इथून वेग घेतलेले इलेक्ट्रॉन १०० ते १३० किलोमीटरपर्यंत खाली येऊन ऑक्सिजनवर आदळतात आणि ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश दिसतो. लाल प्रकाश २०० किलोमीटरच्या वरचा, कारण तो देणाऱ्या अणूला उजळायला दोनेक मिनिटे लागतात आणि खालच्या हवेत तेवढ्या वेळात त्याची ऊर्जा टकरीतच संपते.

ध्रुवीय प्रकाश नुसता परिणाम असता तर गोष्ट इथे संपली असती. आदळणारे इलेक्ट्रॉन स्वतःच नवे आयन निर्माण करतात, तिथली संवाहकता दसपटीने वाढू शकते, आणि मग प्रवाहही त्या उजळ पट्ट्यात गोळा होऊ लागतो. याची दुसरी बाजू १९९६ मध्ये न्यूवेल, मेंग आणि लायन्स यांनी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून दाखवली. तीव्र ध्रुवीय प्रकाश अंधारातल्या आयनांबरात उन्हातल्यापेक्षा तिपटीने अधिक वेळा आढळतो. डोळ्यांना उन्हात तो दिसत नाही हा मुद्दा इथे गैरलागू आहे, कारण ही मोजणी इलेक्ट्रॉनांची होती. सूर्यप्रकाशाने आधीच संवाहक झालेल्या थरात इलेक्ट्रॉनांना वेग देण्याची गरज उरत नाही. हजारो किलोमीटर वर इलेक्ट्रॉनांचे काय होणार हे खाली ऊन आहे की अंधार यावर ठरते, याहून बोलका पुरावा शोधणे कठीण आहे.

आयनांबर वर द्रव्यही पाठवते. १९७२ पर्यंत चुंबकावरणातला सगळा ऊर्जावान प्लाझ्मा सूर्याचा, असे मानले जाई. त्या वर्षी शेली आणि सहकाऱ्यांनी वादळाच्या वेळी ऊर्जावान ऑक्सिजन आयन सापडल्याचे जाहीर केले. एक भार असलेले असे आयन सौरवातात नसल्यासारखेच असतात. ते पृथ्वीच्या हवेतूनच आलेले असणार. पृथ्वीचे गुरुत्व सोडायला ऑक्सिजनला सुमारे १० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते आणि आयनांबरातल्या उष्णतेतून त्याच्या दशांशही मिळत नाही. मग हे आयन वर गेले कसे? उत्तराचे निदान दोन टप्पे आहेत. हलके इलेक्ट्रॉन निसटू पाहतात, जड आयन त्यांना मागे ओढतात आणि त्यातून ध्रुवीय प्रदेशात एक मंद विद्युत क्षेत्र निर्माण होते. ११ मे २०२२ रोजी स्वालबार्डहून उडालेल्या ‘एंड्युरन्स’ अग्निबाणाने हे प्रत्यक्ष मोजले. २५० ते ७६८ किलोमीटरमधला एकूण फरक भरला ०.५५ व्होल्ट. हायड्रोजनला गुरुत्वाच्या दसपट बळाने वर ढकलायला तो पुरतो. ऑक्सिजनला तो नुसता उंच चढवतो. पुढचे काम बिर्केलांड प्रवाहांच्या भागातल्या लाटा करतात. त्या आयनांच्या गिरक्यांत ऊर्जा ओततात आणि वर पातळ होत जाणारे चुंबकीय क्षेत्र त्यांना बाहेर फेकते. मोठ्या वादळात पृथ्वीभोवती वलयासारख्या फिरणाऱ्या ‘वलय प्रवाहा’तली निम्म्याहून अधिक ऊर्जा याच ऑक्सिजनकडे असू शकते. जड आयनांनी भरलेल्या प्लाझ्मात आल्फव्हेन लाटा मंदावतात आणि रेषांची पुनर्जोडणीही सावकाश होते, म्हणून या पुरवठ्याचा परिणाम पुन्हा मुळाशी जाऊन पोहोचतो.

ध्रुवांपाशी चालणारा हा व्यवहार विषुववृत्तापर्यंत येतो. एरवी बिर्केलांड प्रवाहांचे विषुववृत्ताकडचे कडे खालच्या अक्षांशांना आडोसा देते, पण त्याला जुळून यायला काही दशक मिनिटे लागतात. सौरवाताचे क्षेत्र अचानक दक्षिणेकडे वळले की तेवढ्या अवधीत ध्रुवावरचे विद्युत क्षेत्र थेट चुंबकीय विषुववृत्तावर उमटते. दिवसा ते पूर्वेकडे असते. त्यामुळे तिथे १०५ किलोमीटरवर वाहणारा विषुववृत्तीय विद्युत झोत वाढतो आणि वरचा प्लाझ्मा आणखी उंच उचलला जातो. भारतात तिरुनेलवेलीच्या वेधशाळेत हा झोत थेट डोक्यावर असतो, तर मुंबईजवळच्या अलिबागला तो जाणवत नाही. दोन्हींच्या नोंदींची वजाबाकी करून त्याची ताकद काढतात. काही तासांनी, ध्रुवाकडे तापलेल्या हवेतून सुटलेले वारे उलट दिशेचे क्षेत्र निर्माण करतात आणि मूळचे पूर्वेकडचे क्षेत्र मावळते.

अलिबागच्या वेधशाळेची परंपरा मुंबईच्या कुलाब्याची. तिथे चुंबकीय नोंदी १८४१ पासून होत्या आणि विजेच्या ट्रामच्या त्रासामुळे १९०४ मध्ये त्या अलिबागला नेल्या. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याचे निरीक्षक डोळ्यांनी आकडे वाचत होते. एरवी तासातून एकदा होणारे वाचन त्या दिवशी काही मिनिटांच्या अंतराने झाले, आणि म्हणूनच दुपारच्या आधी आडवे क्षेत्र जवळजवळ १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याचे आज माहीत आहे. त्या दिवशीच्या चुंबकीय वादळाची, म्हणजे कॅरिंग्टन वादळाची, कमी अक्षांशावरची ही सर्वांत मोलाची नोंद २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून उजेडात आणली. त्यांनी या घसरणीचे श्रेय वलय प्रवाहाला दिले. पण वलय प्रवाह ओसरायला दिवस लागतात आणि कुलाब्याचे क्षेत्र काही तासांतच बरेच सावरले. म्हणून या घसरणीत बिर्केलांड प्रवाहांचा आणि आयनांबराचा मोठा भाग असावा असे इतरांचे म्हणणे आहे. प्रश्न अजून मिटलेला नाही. एकाच वेधशाळेच्या आकड्यांतून वरच्या आणि खालच्या प्रवाहांची वाटणी करता येत नाही, ही चॅपमन यांच्या काळातली अडचण इथेही आडवी येते.

पृथ्वीबाहेर हेच नियम निराळे रूप घेतात. गुरू ग्रह ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या चुंबकावरणाला ताकद मुख्यतः याच फिरण्यातून मिळते. त्याचा आयो हा उपग्रह ज्वालामुखींतून सेकंदाला टनभर द्रव्य ओततो. ते बाहेर सरकत जाते तसे मागे पडू लागते, आणि त्याला ग्रहाच्या वेगाने फिरवत ठेवायचा भार गुरूच्या आयनांबरावर येतो. टॉमस हिल यांनी १९७९ मध्ये हिशेब मांडला की ही ओढ एका अंतरापलीकडे पुरत नाही आणि ते अंतर आयनांबराच्या संवाहकतेवर अवलंबून असते. गुरूचा मुख्य ध्रुवीय प्रकाश याच प्रवाहांचा मानला जाई. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जूनो’ यानाला मात्र तिथे इलेक्ट्रॉन पुष्कळदा दोन्ही दिशांना, नाना ऊर्जांनी धावताना आढळले; एका स्थिर विद्युत फरकाचे पृथ्वीवरचे चित्र तिथे सरसकट लागू पडत नाही.

बुधाकडे चुंबकीय क्षेत्र आहे, पृथ्वीच्या शतांश इतके, पण आयनांबर म्हणावे असे काहीच नाही. तिथे मंडल पुरे कसे होत असेल, हा या विषयातला सर्वांत नेमका कसोटीचा प्रश्न होता. २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या ‘मेसेंजर’ यानाला तिथेही पृथ्वीच्या ध्रुवाकडच्या कड्यासारखे, २० ते ४० हजार अँपिअरचे बिर्केलांड प्रवाह सापडले. ते खडकाळ, रोधक कवचातून सरळ खाली उतरतात आणि धातूच्या प्रचंड गाभ्यातून आडवे जाऊन परत वर येतात. रेषांची जी फेरी पृथ्वीवर तासाभराची, ती बुधावर दोन-तीन मिनिटांत पुरी होते. बुधाचे चुंबकावरण लहान आहे हे त्याचे मुख्य कारण. रेषांचे पाय रोखून धरणारा टकरींचा थर तिथे नाही, याचा त्यात किती वाटा आहे, हे वेगळे काढण्याचे काम अजून चालू आहे.